पॅकेज एक, माणसं तीन

ताई,

मी घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते, नोकरी ऐरोलीत आयटी कंपनीत. तेहतिसावा आठवडा सुरू आहे. दुसरी खेप. पहिलं बाळंतपण नॉर्मल झालं. या वेळी मात्र पाचव्या महिन्यापासूनच कंबर धरली आहे. रात्री कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. परवाच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू असल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाल्या, अजून वेळ आहे, बघू. तेवढ्याने माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

नणंद न्यू जर्सीला असते. तिने दोन्ही वेळा कायरोप्रॅक्टरकडून, म्हणजे हाताने मणके बसवून देणाऱ्याकडून, पाठ 'ॲडजस्ट' करून घेतली होती, धाकट्याला तर पंधराव्या दिवशीच नेलं होतं. तिच्या सांगण्यावरून मी नवी मुंबईतल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली. त्यांचं आई-बाळ पॅकेज आहे. त्यात माझी बारा सेशन्स, बाळ फिरवण्याचं वेबस्टर तंत्र, जन्मानंतर बाळाची पोटदुखी आणि रडणं टळावं म्हणून त्याच्या मानेची व कण्याची ॲडजस्टमेंट, शिवाय मोठ्या मुलाची सहा सेशन्स मोफत. एकूण ४८,००० रुपये. ५,००० भरले आहेत. हे म्हणतात, तुला बरं वाटणार असेल तर कर. सासूबाईंना अजिबात पसंत नाही. त्यांनी मालीशवाल्या मावशींना आत्तापासूनच सांगून ठेवलंय.

(मोठा सहा वर्षांचा आहे. अंथरूण ओलं करणं कधीच थांबलं होतं, ते तीन-चार आठवड्यांपासून पुन्हा सुरू झालंय. रात्री उठून पाणीही मागतो. सेंटरवाले म्हणाले, कमरेच्या मणक्यात नस दबली असेल, सहा सेशन्समध्ये फरक पडेल.)

काय करू?

— घोडबंदर रोडवरची एक आई

*

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीवरच येते.

कंबर, बाळ, पैसे या सगळ्यांवर बोलू, पण आधी तुझ्या पत्रातला तो कंस. कोरडा राहू लागलेला सहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो आणि रात्री उठून पाणी मागतो, हे वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. उद्या सकाळी त्याला तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ने. उद्या म्हणजे उद्याच, शनिवारची वाट बघू नकोस. लघवीची तपासणी आणि बोटाला सुई टोचून रक्तातली साखर, एवढंच आधी हवं आहे. दोन्ही काही मिनिटांची कामं आहेत.

कारण सांगते. मुलांमधला टाइप १ मधुमेह पुष्कळदा असाच सुरू होतो. तहान वाढते, लघवी वाढते, सुटलेली सवय परत येते, खाणं नीट असूनही वजन उतरतं. तुझ्या मुलाला तोच आहे असं मी म्हणत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो. साधा बद्धकोष्ठ असू शकतो. मळाने भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि मूल ओलं करतं, हे इतकं सर्रास दिसतं की डॉक्टर आधी शी रोज होते का हेच विचारतात. आणि घरात नवं बाळ येणार म्हणून तो आतून हलला असेल, हेही शक्य आहे. पण या सगळ्यांत मधुमेह हा एकच असा आहे जो थांबत नाही. निदान लांबलं तर मूल काही दिवसांत गंभीर होऊ शकतं. म्हणून तो आधी नाही म्हणून सिद्ध करायचा, मग बाकीच्यांचा विचार. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास किंवा गुंगी यांतलं काहीही दिसलं तर सकाळचीही वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

आता 'नस दबली असेल' याविषयी. कण्यातल्या नसांमुळे लघवीवरचा ताबा खरोखर गेला असेल, तर फक्त रात्रीचं अंथरूण ओलं होऊन भागत नाही. दिवसाही लघवी ठिबकते, शी सुटते, चालण्यात फरक पडतो, पायातली ताकद कमी होते. असं मूल न्यूरॉलॉजिस्टकडे आणि एमआरआयला पाठवायचं असतं, त्याच्या पाठीचे मणके कडकड वाजवायचे नसतात. म्हणजे त्यांचं निदान बरोबर असो वा चूक, दोन्ही बाजूंनी त्यांचा उपाय चुकीचाच ठरतो.

मुलांच्या कण्याच्या मॅनिप्युलेशनमधून, म्हणजे हातांनी मणके दाबून-हलवून, काय अपाय झाले, याचा एक आढावा २००७ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. थेट इजा झालेली १४ प्रकरणं त्यात सापडली, त्यांतली ९ गंभीर. एवढ्या दशकांत नोंदली गेलेली १४, म्हणजे इजा बहुधा दुर्मिळच. पण त्याच आढाव्यात आणखी २० मुलं होती, ज्यांना हातांनी काही इजा झाली नाही, पण खऱ्या आजाराचं निदान लांबलं किंवा गंभीर आजारावर नको तो उपचार होत राहिला. तुझ्या मुलाची मला काळजी आहे ती या वीसांमुळे. सहा सेशन्स म्हणजे आठवड्याला एक धरलं तर दीड महिना गेला.

त्याला ओरडू नका, हे तुला सांगायला नकोच. झोपताना गादीवर रबरी शीट घाल आणि तपासणी होईपर्यंत त्याचं पाणी तोडू नकोस. तहानलेल्या मुलाला पाणी द्यायचंच.

आता पॅकेज. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकू शकतं हे तुला माहीत असलेलं बरं. या पॅकेजवर माझा मोठा आक्षेप किमतीचा नाही. तू, पोटातलं बाळ आणि मोठा मुलगा ही तीन वेगळी माणसं आहेत, तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि तिघांना एकच उत्तर विकलं जातंय. कंबर दुखते, मणका सरकलाय. बाळ पायाळू आहे, आईचा मणका सरकलाय. बाळ रडेल, त्याचा मणका सरकलेला असेल. मुलगा ओलं करतो, त्याचाही सरकलाय. जिथे प्रत्येक तक्रारीचं कारण एकच निघतं, तिथे मी आधी सावध होते.

या विचाराचं मूळ जुनं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलर्ड नावाच्या सफाई कामगाराचा पाठीतला मणका दाबून 'बसवला' आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. तिथून कायरोप्रॅक्टिक सुरू झालं. शंभरातले ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं पामर यांनी पुढे लिहून ठेवलं. या सरकण्याला ते लोक सबलक्सेशन म्हणतात. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी जी अधिकृत परिषद आहे, तिनेच २०१० मध्ये सांगितलं की सबलक्सेशनमुळे आजार होतात या म्हणण्याला संशोधनाचा आधार नाही. आज कितीतरी कायरोप्रॅक्टर ही कल्पना बाजूला ठेवून फक्त पाठ-कंबरदुखीवर काम करतात, आणि मोठ्या माणसांच्या कंबरदुखीत त्यांच्या हाताचा व्यायामाइतपत, माफक का होईना, उपयोग होतो. ते मी नाकारत नाही. पण लहान मुलांची पॅकेजेस त्या जुन्या कल्पनेवरच उभी आहेत. नाहीतर धडधाकट जन्मलेल्या बाळाच्या पाठीला दुरुस्ती कशासाठी लागेल?

तुझ्या नणंदेचा अनुभव खोटा नाही. तिथे कायरोप्रॅक्टर होण्यासाठी वेगळी पदवी लागते, राज्याचा परवाना लागतो, तक्रार करायला जागा असते. आपल्याकडे या शाखेला कायद्याने स्थापन झालेली परिषद नाही. त्या सेंटरमधल्या माणसाने कुठे, किती वर्षं शिकून हे आत्मसात केलंय, हे तपासायचं तर त्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरच विश्वास ठेवावा लागतो. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारलास तर कोणालाही राग येण्याचं कारण नाही.

आता तुझी कंबर. या दुखण्याला लोक 'गर्भारपणात व्हायचंच' म्हणून उडवून लावतात, त्याचा मला फार राग येतो. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं हे खरं, पण सगळ्यांना होतं म्हणून सोसावं असं कुठे आहे? तू लिहिलंस की कूस बदलताना सगळ्यांत जास्त दुखतं. जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना, रिक्षातून उतरतानाही कळ येत असेल तर दुखणं कण्याचं नाही, ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं आहे. पाठीमागे माकडहाडाच्या वर, नितंबांच्या दोन्ही बाजूंना जिथे खळ्या पडतात तिथे ते सांधे असतात, आणि एक पुढे जघनास्थीपाशी. गर्भारपणातल्या संप्रेरकांनी अस्थिबंध सैलावतात, पोटाचं ओझं पुढे ओढतं, आणि एका पायावर भार आला की सैल सांधा कुरकुरतो. आधीच सैल झालेल्या सांध्याला झटका देऊन आणखी मोकळा करण्यात मला शहाणपण दिसत नाही. त्याला आधार हवा, आणि भोवतीच्या स्नायूंमध्ये ताकद हवी.

आज रात्रीच करून बघ. कूस बदलायच्या आधी दोन्ही गुडघे वाकव, मध्ये घट्ट उशी धर. गुडघे एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत. श्वास सोडत सोडत खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळव, ओंडका लोळतो तसं सगळं अंग एकसंध. आधी खांदा, मग कंबर, मग पाय असं तुकड्या-तुकड्याने वळलीस की सांधा पिळला जातो आणि तीच ती डोळ्यांत पाणी आणणारी कळ. घरात जुनी रेशमी साडी असेल तर चौपदरी करून कमरेखाली अंथर, सुती चादरीवर अंग अडतं तसं त्यावर अडत नाही. झोपायचं कुशीवर. उताणं बराच वेळ पडून राहू नकोस, या महिन्यांत गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते.

रिक्षात चढताना एक पाय आत टाकून स्वतःला ओढून घ्यायची आपली सवय असते. त्याऐवजी आधी पाठमोरी सीटवर टेक, मग दोन्ही पाय जोडून आत घे. उतरताना उलट. रिक्षावाला थांबेल, थांबत नसेल तर थांबव. बसमधून जात असशील तर मागच्या चाकावरची सीट नको. मोठ्याला कडेवर घेणं पूर्ण बंद. हट्ट करील, तेव्हा तू खाली बैस आणि त्याला मांडीशी घे.

व्यायाम रोज थोडे. हाता-गुडघ्यांवर ओणवी होऊन पाठ मांजरासारखी वर गोल करायची, पुन्हा सपाट, खाली झोल द्यायचा नाही. भिंतीला पाठ टेकून कंबरेची पोकळी भिंतीला लावायची, सोडायची. खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये उशी दाबायची. गर्भारपणातली कंबरदुखी व्यायामाने कमी होते याला चांगला आधार आहे, हाताच्या उपचारांविषयीचा पुरावा त्यामानाने तुटपुंजा आहे. एकदा फिजिओथेरपिस्टकडून हे करून घे, म्हणजे चुकीचं होत असेल तर ती जागच्या जागी सुधारेल. ठाण्यात गर्भवतींसोबत काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, तुझ्या डॉक्टरांकडून नाव घे. तिच्याकडून एक अरुंद पट्टाही मिळेल. तो पोटाखाली, नितंबांभोवती खाली बांधायचा असतो. दुकानात मिळणारा पोटभर रुंद बेल्ट याला उपयोगाचा नाही.

औषध लागलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. घरात असतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मुळीच नको, आणि डायक्लोफेनॅकचा जेल किंवा स्प्रेही न विचारता चोळू नकोस. विसाव्या आठवड्यानंतर या गटातल्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला आहे.

मानपाडा ते ऐरोली रोज जा-ये करत असशील तर एक विचारते: रजा कधीपासून घेणार आहेस? पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्यांतले ८ आठवडेपर्यंत तारखेच्या आधी घेता येतात. म्हणजे तू आजही घेऊ शकतेस. सगळी रजा बाळंतपणानंतरसाठी साचवून ठेवायची आपल्या मुलींची ओढ मला कळते. पण त्या रस्त्यावरचे खड्डे आणि ट्रॅफिक झेलत आणखी सात आठवडे काढण्यापेक्षा दोन आठवडे आधी थांबलीस किंवा घरून काम मागितलंस, तर बारा सेशन्सपेक्षा कंबरेला जास्त बरं वाटेल.

आणि हे मात्र कंबरदुखी म्हणून घरी सोसायचं नाही: ठरावीक अंतराने येणारी-जाणारी कळ, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, लघवीला जळजळ आणि ताप, एका पायाच्या पोटरीला सूज, पायात बळ न राहणं, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा. यांतलं काहीही असेल तर थेट प्रसूतिगृहात जा.

एवढं करूनही तुला कंबरेसाठी कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल, तर मी आडवी पडणार नाही. पण डॉक्टरांना सांगून जा. मानेला हात लावू द्यायचा नाही, एक्स-रे काढू द्यायचा नाही, झटका नको, फक्त हलक्या हाताचं काम, आणि पैसे एका वेळचे. पहिल्या भेटीत बारा वेळा यावं लागेल हे ज्याला कळतं, त्याने तुला तपासायच्या आधीच ठरवलेलं असतं.

पायाळू बाळाबद्दल तुझ्या डॉक्टर बरोबर सांगतायत, फक्त त्यांनी दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. ती मी बोलते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चार-पाचांतलं एक बाळ खालच्या बाजूला पाय किंवा बूड करून असतं. पूर्ण दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात. बाकीची आपली आपण फिरतात, कोणी हात न लावता. तुझं पहिलं बाळंतपण झालेलं असल्याने गर्भाशयाला पुरेशी जागा आहे, बाळाला अजून फिरायला वाव आहे.

वेबस्टर तंत्राच्या यशाचे आकडे इथेच फसवतात. लॅरी वेबस्टर या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने हे तंत्र काढलं. माकडहाडाजवळ आणि पोटाच्या अस्थिबंधांवर हलका दाब द्यायचा, म्हणजे ओटीपोट समतोल होऊन बाळाला फिरायला मोकळीक मिळते, अशी मांडणी. २००२ साली ८२ टक्के यश असा आकडा छापून आला, तो अजून जाहिरातींत फिरतो. तो आकडा कायरोप्रॅक्टरांनाच प्रश्नावली पाठवून मिळालेल्या उत्तरांतून आला होता. आठव्या महिन्यात दहा पायाळू बाळांच्या आयांना नुसतं हळदीचं दूध दिलं, तरी त्यांतली बहुतेक बाळं फिरतील. दुधाने फिरली असं आपण म्हणू का? उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची नीट तुलना केल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी होईल. बाळ तेव्हाही पायाळूच असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचार: बाहेरून बाळ फिरवण्याचा प्रयत्न करता येईल का? इंग्रजीत याचं नाव एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन, डॉक्टर थोडक्यात ईसीव्ही म्हणतात. पोटावरून दोन्ही हातांनी बाळाला कोलांटी घ्यायला लावतात, आधी गर्भाशय सैल पडायचं औषध देऊन, सोनोग्राफीवर बघत, बाळाचे ठोके मोजत, शेजारी ऑपरेशन थिएटर तयार ठेवून. हे पारखलेलं आहे. साधारण निम्म्या वेळा जमतं, आधी बाळंतपण झालेल्यांत दहांतून सहा वेळा. लगेच सिझेरियन करावं लागण्याची वेळ दोनशेत एखादीवर येते. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळी असतील तर करत नाहीत. तुझा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल. आपल्याकडे बरेच डॉक्टर हे करत नाहीत आणि थेट सिझेरियनची तारीख देतात, म्हणून तू विचारायचं. त्या करत नसतील तर मोठ्या हॉस्पिटलात कोण करतं ते त्याच सांगतील. आणि शेवटी सिझेरियन झालंच, तर पायाळू बाळासाठी तो सुरक्षित रस्ता आहे. तुझ्याकडून काही राहून गेलं असा त्याचा अर्थ होत नाही.

सासूबाईंना विचार, पायाळू माणसाने कंबरेला पाय लावला की उसण जाते म्हणतात ना? आमच्या आजीकडे त्यासाठी गल्लीतल्या बायका यायच्या. घरात इतका ताण असताना एवढं हसून घ्यायला हरकत नाही.

आता येणाऱ्या बाळाची मान. इथे मी तडजोड करत नाही. नको.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि ते पेलणारी मान अजून कच्ची. मणके अर्धे कूर्चेचे, बंध सैल. बरेच कायरोप्रॅक्टर तान्ह्या बाळाला बोटाच्या टोकाने, पिकलेला टोमॅटो दाबून बघावा इतक्याच जोराने हात लावतो असं सांगतात, आणि खरंच तेवढंच करत असतील तर इजा व्हायची नाही. पण तेवढ्याने फायदा काय होतो? बाळांच्या रडण्यावर अशा उपचारांच्या ६ चाचण्या, ३२५ बाळं, यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये घेतला. वरवर रडणं कमी झाल्यासारखं दिसलं. मात्र आपल्या बाळावर खरोखर उपचार झाले की नाही हे ज्या चाचण्यांत आईवडिलांना माहीत नव्हतं, तेवढ्याच बघितल्या तर फरक ठामपणे दिसेना. बाळ किती रडलं हे आईच लिहून ठेवते. काहीतरी केलंय हे कळलं की तिचा जीव निवतो आणि रडणंही कमी वाटतं. मी त्या आईला दोष देत नाही, झोप न मिळालेली कोणतीही आई असंच लिहील.

मेलबर्नमधल्या एका कायरोप्रॅक्टरचा २०१८ मधला व्हिडिओ पुढे सगळीकडे पसरला होता. दोन आठवड्यांचं बाळ पायांना धरून उलटं लटकवलेलं. त्यावरून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने चौकशी बसवली. २०१९ च्या अहवालात दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत: गंभीर इजेच्या तक्रारी तिथे फार थोड्या सापडल्या, आणि पोटदुखी, कानाचा संसर्ग, दमा, अंथरूण ओलं करणं यांपैकी कशालाही फायदा होतो असा भक्कम पुरावाही सापडला नाही. बारा वर्षांखालच्या मुलांवर या तक्रारींसाठी कण्याचं मॅनिप्युलेशन करू नये, असं त्यांनी सुचवलं. दोन वर्षांखालच्या बाळांवर ते करू नये, असं २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी पुन्हा एकदा ठणकावलं. फायदा सिद्ध नाही आणि धोका लहान पण भयंकर, असा सौदा मी तान्ह्या बाळासाठी करणार नाही.

बाळ रडेल, हे मात्र धरून चाल. सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यांत जास्त, संध्याकाळी ठरलेल्या वेळी, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. छातीशी बांधून फिरव, पंख्याची घरघर ऐकव, हात बदला. रडणं असह्य झालं की बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहा. बाळाला कधी, कोणीही, गदागदा हलवायचं नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध न ओढणं, मरगळ यांसाठी थेट डॉक्टर. मान एकाच बाजूला कलती राहते असं वाटलं तर पहिल्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखव. त्यावर हलक्या ताणाचे व्यायाम असतात, आणि लवकर सुरू केले तर छान सुधारतं.

सासूबाईंच्या मावशींनाही हीच फूटपट्टी लाव. तेलाने हळुवार मालीश बाळाला सुखाची असते, आईलाही. ती करू दे. पण अंघोळीनंतर बाळाला पायांना धरून उलटं करणं, हात-पाय उलटसुलट ओढून गाठ मारल्यासारखे करणं, डोकं दाबून गोल करणं, नाक ओढणं, कानात-नाकात तेल सोडणं, छातीच्या गाठी पिळून दूध काढणं, हे एकही नको. मेलबर्नच्या व्हिडिओत जे दिसलं ते आपल्याकडे न्हाणीघरात पिढ्यान् पिढ्या होत आलंय. धुरीही नको, बाळाच्या फुप्फुसांना धूर तो धूरच, मग तो वावडिंगाचा असो की ओव्याचा. मावशींना हे पहिल्याच दिवशी, चहा देऊन, प्रेमाने सांग, सासूबाईंच्या समोर. त्या अनुभवी असतात, मानाने सांगितलं की ऐकतात. त्यांनी बाळाला घेतलं की तू शेजारी बैस.

नणंदेशी वाद घालायला जाऊ नकोस. तिला कंबरेला आराम मिळाला, ती मायेने सांगतेय. 'माझ्या डॉक्टरांनी फिजिओ सुचवलंय, आधी ते करून बघते' एवढं पुरे.

पैशांचं. सेंटरला फोन न करता लेखी कळव, मेल किंवा व्हॉट्सॲप, की एकही सेशन घेतलेलं नाही, पॅकेज रद्द करत आहे, ५,००० रुपये परत करावेत. पावती आणि त्यांच्या पत्रकाचा फोटो जपून ठेव. टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीतही बोलता येतं. 'त्याऐवजी मुलाची सेशन्स घ्या' असं म्हणतील, तेव्हा तेही नको म्हणून त्याच मेसेजमध्ये लिहून टाक.